गळ्यापासून विणलेला स्वेटर

सकाळी उठल्यापासून प्रार्थना होईपर्यंत मी बोलत नाही. माझा हा नेम जुना आहे. सुरुवातीला घरातल्यांची कुचंबणा झाली, मग त्यांना सवय झाली आणि पुढे पुढे तर माझ्यापेक्षा लोकांनाच त्याचा जास्त उपयोग व्हायला लागला. आमच्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक आहे की या वेळात माझ्याकडे आलं की मनातलं सगळं ओकून होतं आणि समोरून एक शब्द उलट येत नाही. वरच्या मजल्यावरची मास्तरीण येऊन नवऱ्याच्या नावानं खडे फोडून जाते. समोरचा औषधवाला भावाच्या कागाळ्या सांगतो. मी आपली झाडांना पाणी घालत असते, ऐकत असते. आमचे हे म्हणतात, "तुझ्याकडे माणसं येतात ती तुझ्या शहाणपणासाठी नाही गं, तुझ्या गप्प बसण्यासाठी."

असेल तसंही. पण तळमजल्यावरचे मास्तर त्या वेळात कधी आले नव्हते. मास्तर म्हणजे शिवणकामवाले. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. बायको लवकर गेली, त्यामुळे मुलगी त्या दुकानातच, चिंध्यांच्या ढिगाऱ्यात खेळत वाढली. लहानपणी मशीनभोवती सारखी गरगर फिरायची म्हणून मास्तरांनी तिचं नाव बॉबिन ठेवलं. ते इतकं चिकटलं की आता ती बापाच्या डोक्याला डोकं लावेल एवढी उंच झाली, चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागली, तरी सगळी इमारत तिला बॉबिनच म्हणते.

ती एका संध्याकाळी लोकरीच्या लडींची पिशवी घेऊन माझ्या दारात उभी राहिली.

"काकू, मला स्वेटर शिकवा."

"ये. आधी मफलर करू."

"मफलर नको. स्वेटरच. बाबांना करायचाय."

"अगं, पहिलाच स्वेटर एवढ्या मोठ्या माणसाचा कुणी घेतं का हातात? पहिला बाळाचा करावा. पटकन होतो, आणि चुकलं तर बाळ नावं ठेवत नाही."

"आमच्याकडे बाळ नाही ना. बाबाच आहेत, आणि ते नावंच ठेवतात."

मला हसू आलं. आमचे हे तेवढ्यात हात पुढे करून बसलेसुद्धा, कारण लडीचा गुंडा करायचा म्हणजे कुणीतरी दोन हातांवर लडी धरून बसावं लागतं, आणि या घरात ते काम त्यांचं आहे. करड्या रंगाची, मऊ लोकर होती. गुंडाळता गुंडाळता बॉबिन सांगत होती की बाबांना अलीकडे फार थंडी वाजते. पायाशी हीटर, अंगात कोट, तरी काज करताना बोटं थरथरतात. वर कोटाचं खांद्यांना ओझं होतं म्हणतात. पोटाचं दुखणं आहे, थंडी संपली की ऑपरेशन ठरलंय. तोवर अंगावर काहीतरी हलकं आणि ऊबदार हवं.

"मास्तर काय म्हणाले?"

"म्हणाले, शिंप्याच्या घरात लोकर आणतेस? कापडाला धर असतो. लोकर म्हणजे नुसत्या गाठी, एक सुटली की चालला सगळा माल."

"माप आणलंस?"

"सांगितलंय त्यांनी."

"सांगितलं? तू घेतलं नाहीस?"

"घेऊच देत नाहीत. म्हणतात, मी काय गिऱ्हाईक आहे का? माझं माप मला पाठ आहे."

मी ते माप ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी पाठीचे टाके घालू, असं ठरलं. मी नेहमी तसंच शिकवते. पाठ वेगळी, पुढचा भाग वेगळा, दोन बाह्या वेगळ्या, आणि सगळं झालं की शिवून जोडायचं. नवशिक्याला ते सोपं जातं. चुकलं तर एकच तुकडा उसवावा लागतो.

"शिवायचं बाबांकडे," बॉबिन म्हणाली. "तेवढं तरी करतीलच की."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीतल्या कुंड्यांशी होते, तेव्हा जिन्यावर पावलं वाजली. वाजली आणि मध्येच थांबली. पुन्हा वाजली, पुन्हा थांबली. एवढा वेळ जिना चढायला कुणाला लागतो, म्हणून मी दार उघडलं तर मास्तर कठडा धरून उभे. गळ्यात नेहमीसारखा टेप.

"बोलू नका वहिनी," ते म्हणाले. "तुमचं मौन आहे हे माहीत आहे. म्हणूनच या वेळेला आलो."

ते खुर्चीत बसले. बराच वेळ नुसते दम खात होते. मी पाणी दिलं. त्यांनी घोटभर घेऊन भांडं मांडीवर धरून ठेवलं.

"ऑपरेशन वगैरे काही नाही वहिनी. डॉक्टर म्हणाले, आता उघडण्यात अर्थ नाही. गोळ्या देतात त्या दुखू नये म्हणून. पोरीला मी सांगून ठेवलंय, थंडी संपली की करायचं. का सांगितलं तसं? मलाच माहीत नाही. एक तारीख सांगितली की माणूस शांत बसतो. गिऱ्हाईकाला नाही का आपण सांगत, पुढच्या आठवड्यात या."

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांची बोटं साडीच्या काठाला नाही, कुठल्या कापडाला नाही, नुसत्या हवेलाच चाचपत होती. शिंप्याची ती सवयच असावी, पोत बघायची.

"ती काल इथून खाली आली ना, तर गुणगुणत होती. किती दिवसांनी. तिला सांगू नका. तेवढंच मागायला आलो." थोडं थांबून ते हसले. "बघा, कसं पकडलं तुम्हाला. नाही म्हणायची सोयच नाही."

नाही म्हणायची सोय नव्हती, तशी हो म्हणायचीही नव्हती. मी मान हलवली नाही. मास्तरांनी माझं गप्प बसणं आपल्याला हवं तसं घेतलं आणि उठले. दारात वळून म्हणाले, "आणि तिला घाई करायला लावू नका हं. सावकाश शिकू दे."

त्या दिवशी प्रार्थनेत माझं चित्त लागलं नाही. ओठांवर देवाचं नाव होतं आणि मन हिशेब करत होतं, की नवशिक्या हाताला एक पाठ व्हायला किती दिवस, पुढचा भाग व्हायला किती, बाह्यांना किती. तुकडे पाडून विणलेला स्वेटर शेवटची शिवण पडेपर्यंत स्वेटर नसतोच. मध्ये थांबलं तर हातात नुसते तुकडे राहतात, अंगावर घालायला काही नाही.

दुसरी एक रीत आहे. गळ्यापासून टाके घालायचे, गोल सुईवर, आणि चार ठिकाणी टाके वाढवत वाढवत खाली यायचं. खांदे, छाती, पाठ सगळं एकदम तयार होत जातं. शिवायचं काहीच नाही. मला ती सासूबाईंनी शिकवली होती, मुलं भराभर वाढतात म्हणून. खालून कधीही लांबी वाढवता येते. शिकायला अवघड, पण एकदा बगलेच्या खाली उतरलं की कुठेही थांबा, तो अंगात घालता येतो. आखूड असेल, बिनबाह्यांचा असेल, पण वस्त्र असतं.

संध्याकाळी बॉबिन आली तेव्हा मी गोल सुई काढून ठेवली होती.

"काल तर पाठ म्हणालात."

"आज गळा."

"का हो?"

"वरून विणला की मध्येच घालून बघता येतो."

"बाबांना?"

"हो. त्यांनाच."

तिला ते फारच पसंत पडलं. शिंप्याची मुलगी, ट्रायल घेणं तिच्या रक्तात.

पहिले काही दिवस ती सुई अशी धरायची की कुणी हिसकावून नेणार आहे. टाके सुईला असे आवळून बसायचे की पुढे सरकेनात. मी म्हणायची, "बॉबिन, तो टाका आहे, चोर नाही. गळा सोड त्याचा." ती हसायची आणि हात सैल करायची. मी तिला आधी छोटा चौकोनी नमुना विणायला लावला, उसवून पुन्हा विणायला लावला, आणि मग पट्टी लावून बघितला. तिची वीण इतकी सारखी आली की मलाच नवल वाटलं. ओळ अर्धी टाकून उठायचं नाही, हे तिला शिकवलं. टाका गळला तर ओरडायचं नाही हेही शिकवलं, कारण गळलेला टाका लगेच पळत नाही. लोकर आपल्या शेजाऱ्याला धरून असते, पिन लावून ठेवली की निवांत उचलता येतो. आपण घाबरून ओढाओढ केली तरच तो खाली धावतो.

टाके मोजताना ती सारखी चुकायची. मी तिला माझी रीत सांगितली, की मी एकेका टाक्याला देवाचं नाव घेते, म्हणजे मन भरकटत नाही.

ती जरा वेळ विणत राहिली, मग संकोचून म्हणाली, "काकू, मला एवढं देवाचं नाही जमत. मी बाबा म्हटलं तर चालेल? प्रत्येक टाक्याला?"

"चालेल की," मी म्हटलं, आणि लोकर उचलायच्या निमित्तानं खाली वाकले.

मग ती विणकाम घेऊन खालीच बसू लागली. कामावरून आली की दुकानात, मास्तरांच्या समोर. मी जिन्यावरून जाता-येता ऐकायची.

"कॉलर कुठाय याला?"

"नसते बाबा."

"बटणं?"

"नाहीत."

"मग हे घालायचं कसं, पोतं घालतात तसं डोक्यातून? आणि खिसा? खिसा तरी लाव."

"काय ठेवणार आहात खिशात?"

"खडू. नाहीतर तुझं डोकं. दिवसभर लोकांची नजर तपासतेस आणि गॅसवर ठेवलेलं दूध उतू गेलेलं दिसत नाही."

बगलेच्या खाली दोन-चार बोटं उतरल्यावर तिनं मला खाली बोलावलं. एकटीनं घालून बघायची तिला भीती वाटत होती. आम्ही सगळे टाके जाड दोऱ्यावर उतरवून घेतले, म्हणजे घालताना सुई टोचू नये. मास्तरांनी कोट काढला. कोटाखाली ते केवढेसे उरले होते, ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

स्वेटर त्यांच्या डोक्यातून खाली आला आणि खाली येतच राहिला. गळा एका बाजूला घसरला, खांद्याचं हाड उघडं पडलं. बगल बरगड्यांपाशी लोंबत होती. बॉबिननं एक बाजू ओढून सरळ केली तर दुसरी घसरली.

तिचा चेहरा पडला. "माझा हात सैल झाला. तुम्ही गळा सोड म्हणालात ना, मी फारच सोडला."

"झाला असेल," मास्तर लगेच म्हणाले. "नवीन हात आहे, व्हायचंच. उसव आणि पुन्हा घाल. लोकर काय पळून चाललीय? थंडी केवढी पडलीय अजून."

तिनं स्वेटर त्यांच्या डोक्यातून काढून घेतला. लोकरीचं टोक तिच्या हातात होतं. एकदा ओढायला सुरुवात केली की गळ्यापर्यंत सगळं जाणार. उसवायला वेळ लागत नाही.

"बॉबिन, थांब," मी म्हणाले. "तुझा हात सैल नाही. नमुना लावून बघ. वीण बरोबर आहे."

"मग एवढा मोठा कसा झाला?"

"वहिनी," मास्तर म्हणाले. फक्त तेवढंच.

बॉबिननं माझ्याकडे पाहिलं, मग बापाकडे. मग पुढे होऊन तिनं त्यांच्या गळ्यातला टेप काढून घेतला.

"हात वर करा."

"अगं, काय हे..."

"गिऱ्हाईकाला म्हणता तसं म्हणतेय. हात वर."

त्यांनी हात वर केले. तिनं छातीभोवती टेप गुंडाळला, वाचला. सैल करून पुन्हा वाचला.

"जुना टेप आहे तो," मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले. "ताणला गेलाय. ताणलेला टेप माप कमी दाखवतो."

हे खरं आहे, ताणलेला टेप कमीच दाखवतो. बॉबिन कापायच्या टेबलापाशी गेली. तिथल्या लाकडी पट्टीवर तिनं टेप पसरला, दोन्ही टोकं अंगठ्यांनी दाबून धरली. टेप पट्टीला बरोबर जुळत होता. ती तशीच वाकून उभी राहिली. रस्त्यावरून एक गाडी गेली, दुकानाची काच थरथरली, तरी ती हलली नाही.

"ऑपरेशनची तारीख कोणती?" तिनं पाठमोरीच विचारलं.

"ठरायचीय."

"बाबा."

"नाहीये," मास्तर म्हणाले. "ठरलंच नव्हतं कधी."

ती खालीच बसली, चिंध्यांमध्ये, लहानपणी बसायची तशी. मास्तर उठून तिच्यापाशी गेले, त्यांना खाली बसता येईना, म्हणून टेबलाला धरून वाकले आणि तिच्या केसांवर हात ठेवला. "लोकरीवर रडू नको. आटते," ते म्हणाले.

तिनं मान वर केली ती माझ्याकडे बघायला. "म्हणून गळ्यापासून सुरू केलात?"

"हो."

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं."

"हो."

मी वर निघून आले.

त्यानंतर काही दिवस ती माझ्याकडे फिरकली नाही. जिन्यात दिसली की भिंतीकडे बघत जायची. मी तिला दोष दिला नाही. मग एका सकाळी, माझं मौन सुटायच्या आधी, ती आली. कामावर जायचे कपडे घातलेले, हातात पिशवी.

"तुम्हाला बोलता येत नाही ते बरंच आहे," ती म्हणाली. "नाहीतर तुम्ही समजूत घातली असती. मला समजूत नकोय."

मी तिला बसायला खूण केली. ती बसली नाही.

"सगळ्यांना माहीत होतं. तुम्हाला, डॉक्टरांना. काकांनाही असेल. मी एकटी कॅलेंडर बघत बसायची, कधी संपते थंडी म्हणून. देवाजवळसुद्धा तेच मागत होते, लवकर संपू दे थंडी. कळतंय का तुम्हाला मी काय मागत होते?" तिचा आवाज फाटला. "आणि ते! मला म्हणाले उसव. पुन्हा घाल म्हणाले. माझ्या हातानं सगळं घालवलं असतं मी, आणि ते बघत बसले असते."

आमचे हे आतल्या खोलीतून बाहेर येत होते, तिथूनच माघारी वळले.

तिनं स्वेटर पिशवीतून काढून माझ्या मांडीवर टाकला. "आता काय करू? उसवू? मान तरी हलवा."

मी मान हलवली. नाही.

मग मी तिचा हात धरून तिला शेजारी बसवलं. दोऱ्यावरचे टाके सुईवर घेतले. बगलेच्या खाली, जिथे शिवण आली असती तिथे, दोन टाके एकत्र घेऊन एक केला. पलीकडच्या बाजूला तसंच. तिच्या हातात सुई दिली. ती चुकली, मी तिचं बोट धरून पुन्हा दाखवलं. वरचं राहू द्यायचं. खाली येताना दर थोड्या ओळींनी दोन्ही बाजूंना आत घ्यायचं, आत घ्यायचं, तिनं त्या दिवशी मोजलेल्या मापापर्यंत. एकही शब्द न बोलता मी कुणाला विणकाम शिकवलं ते तेवढंच. तिनं डोळे पुसले, विणलं, पुन्हा पुसले. मी प्रार्थनेला उठले तेव्हा ती तशीच विणत बसली होती. त्या दिवशी ती कामावर गेली नाही.

स्वेटर तसा झाला. खांद्यांपाशी पूर्वीचे मास्तर, कमरेपाशी आत्ताचे. गळा सैल पडायचा, म्हणून आतून त्यांनी मफलर गुंडाळला. "बघा वहिनी, शेवटी मफलर लागलाच," ते मला म्हणाले. "तुमचं ऐकायला हवं होतं." मला वाटलं होतं ते माझ्याशी बोलणार नाहीत. पण त्यांनी त्या दिवसाचा विषय काढला नाही, आणि मीही काढला नाही.

दुकानाचं शटर आता अर्धंच उघडायचं. मग तेही उघडेनासं झालं. मास्तरांचा पलंग मागच्या खोलीत खिडकीपाशी सरकवला होता. बॉबिननं कामावरून रजा घेतली. ती आता त्यांना उघडउघड टेप लावायची आणि ते हात वर करायचे. "हे गिऱ्हाईक दर आठवड्याला नवीन," असं म्हणायचे. ती हसायची नाही, पण "गप्प बसा" म्हणायची, पूर्वी म्हणायची तशी.

बिनबाह्यांचा तो स्वेटर एकदा घातल्यावर त्यांनी अंगातून काढूच दिला नाही. काढला की हुडहुडी भरायची. दंड मात्र उघडे पडायचे. बाह्या करायच्या तर स्वेटर हातात हवा, आणि तो तर मास्तरांच्या अंगात. बॉबिन मला विचारायला आली.

"अंगावरच वीण," मी म्हटलं.

मोज्याच्या आखूड सुया असतात ना, दोन्ही टोकं असलेल्या, त्या मी तिला दिल्या. खांद्यापाशी बाहीसाठी दोऱ्यावर ठेवलेले टाके त्या सुयांवर घेतले, आणि मास्तरांचा उजवा हात उशीवर ठेवून ती त्यांच्या दंडाभोवती विणू लागली. गोल, गोल. एक फेरी संपली की दुसरी. मी दुपारी खाली जायची, कधी नुसतीच बसायची. देवाचं नाव मनातल्या मनात चालू असायचं.

"टोचलं."

"कुठे? दाखवा."

"नाही टोचलं. बघत होतो, लक्ष आहे का."

ते तिला त्या वेळात काय काय सांगायचे. कोणत्या खणात कुणाचं कापड न शिवता राहिलंय, ते परत करायचं. मोठ्या मशीनला तेल कुठे घालायचं. तिच्या आईनं पहिल्या दिवशी दुकानात येऊन बाह्या लांब झाल्या म्हणून भांडण कसं काढलं होतं, आणि बाह्या खरोखरच लांब झाल्या होत्या.

"मग तुम्ही काय केलंत?"

"कबूल नाही झालो. म्हटलं, तुमचे हात आखूड आहेत. लग्न झाल्यावर सांगितलं खरं."

बॉबिन हसता हसता फेरी चुकली. टाके उलगडून परत घेईपर्यंत मास्तर झोपले होते. ती तरी विणत राहिली. त्यांच्या छातीबरोबर लोकर वर-खाली होत होती, आणि तिची सुई त्या श्वासासाठी थांबायची आणि मग पुढे जायची. तिच्या ओठांची हालचाल मला दिसत होती. दोनच अक्षरं, पुन्हा पुन्हा.

उजवी बाही मनगटापर्यंत पूर्ण झाली. तिनं टाके बंद केले. मास्तरांनी हात वाकवून, सरळ करून, पुन्हा वाकवून बघितला. गिऱ्हाईकाचा कोट बघतात तसं त्यांनी वीण दोन बोटांत धरून पाहिली. "फिनिशिंग बरं आहे," ते म्हणाले. एवढं कौतुक त्यांनी कुठल्या कारागिराचं केलेलं मी ऐकलं नव्हतं. बॉबिननंही नसावं, कारण ती उठून तोंड धुवायला गेली.

डावी बाही कोपराच्या जरा वर आली होती तेव्हा ते गेले. भर दुपारी. ती लोकरीचा नवा गुंडा घ्यायला टेबलापर्यंत गेली होती, तेवढ्यातच. मला बोलावायला ती आली नाही, तिनं नुसती हाक मारली. तशी हाक मी कधी ऐकली नव्हती.

न्यायला माणसं आली. त्यांना मास्तरांच्या अंगावरचे कपडे काढायचे होते. एकानं स्वेटरच्या कडेला हात घातला तर बॉबिन म्हणाली, "थांबा. सुया आहेत बाहीत."

तो थांबला.

"टाके दोऱ्यावर घेऊ दे मला. नाहीतर सुटतील."

ती पलंगाच्या कडेला बसली, दाभणात दोरा ओवला आणि बापाच्या दंडाभोवतीचा एकेक टाका सुईवरून दोऱ्यावर घेऊ लागली. माणसं दाराशी हात बांधून उभी होती. कुणी घड्याळ बघितलं नाही. आमचे हे भिंतीला टेकून उभे होते, रडत होते. तिनं शेवटचा टाका घेतला, दोऱ्याची दोन टोकं बांधली, आणि म्हणाली, "आता काढा. हळू."

पुष्कळ दिवस गेले. थंडी संपली होती, लोकांनी खिडक्या उघडल्या होत्या. ती एका संध्याकाळी स्वेटर घेऊन वर आली आणि माझ्या शेजारी विणायला बसली. डावी बाही तिला पुरी करायची होती. आता मोजायला हात नव्हता. ती उजवी बाही मांडीवर ठेवायची, बोटानं ओळी मोजायची, तेवढ्या डावीला घालायची. मी विचारलं नाही की कुणासाठी. काही दिवस अशीच येत राहिली, आणि बाही मनगटाला पोचली.

टाके बंद करून तिनं स्वेटर माझ्या पलंगावर पसरला. आम्ही दोघी बघत राहिलो. दोन्ही बाह्यांच्या ओळी बरोबर सारख्या होत्या, एकही कमी-जास्त नाही. पण उजवी बाही कोपरापाशी फुगली होती, जरा वाकून पडली होती, कारण तिच्यात एक हात कितीतरी दिवस उशीवर वाकून राहिला होता. डावी सरळ होती.

"काकू, आता काय राहिलं?" तिनं विचारलं.

विणकाम शिकवताना हे शेवटी सांगायचं असतं, आणि तिला ते सांगायची वेळ आली नव्हती. मी सांगितलं. "विणून झालं की कोमट पाण्यात भिजवायचा. न पिळता, टॉवेलवर सपाट पसरून वाळवायचा. मग टाके आपापल्या जागी बसतात, वाकडं असेल ते सरळ होतं. नव्या लोकरीचं तसं असतं, धुतल्याशिवाय स्वेटर पुरा होत नाही."

"वाकडं असेल ते सरळ होतं?"

"हो."

तिनं उजव्या बाहीच्या त्या फुगवट्याखाली तळहात घातला. तसाच काही वेळ ठेवला, जणू खाली काही आहे आणि ते हलू नये.

"मग राहू दे काकू," ती म्हणाली. "नाही पुरा होत तर नाही."

मी कपाटातून एक धुतलेली चादर काढून दिली. तिनं स्वेटर त्यात गुंडाळला, उजवी बाही न मोडता, वरच्या बाजूला ठेवून, आणि दोन्ही हातांवर आडवा धरून जिना उतरली. एकेक पायरी, सांभाळून.